कवच कोणाच्या अंगावर?

इंद्राने ब्राह्मणाचा वेश घेतला आणि कर्णाची कवचकुंडले मागून नेली, ही कथा आपल्या मुलांना दानशूरपणाचा धडा म्हणून शिकवली जाते. आम्ही त्या कथेला इतिहास मानत नाही आणि आदर्श तर मुळीच मानत नाही. पण ती रचणाऱ्यांच्या डोक्यात काय होते, हे तिच्यातून उघडे पडते. ज्याला सूतपुत्र म्हणून भर सभेत हिणवले, त्याच्या अंगावर अभेद्य कवच राहता कामा नये. त्याने ते स्वतःच्या हाताने सोलून द्यावे आणि वर त्याला दानवीर म्हणावे. आता कवच कोणी देव देत नाही, प्रयोगशाळा देते. ते सूर्याच्या तेजाचे नसून बोरॉनचे, कार्बनचे आणि प्लॅस्टिकच्या धाग्यांचे असते. पण ते कोणाच्या अंगावर चढते आणि कोणाला उघड्या अंगाने मरणापुढे उभे केले जाते, हा सवाल मात्र जिथल्या तिथेच आहे. म्हणून आज आम्ही वाचकांपुढे नॅनो पदार्थ आणि बुलेटप्रूफ जाकीट हा विषय ठेवत आहोत.

आमचे काही वाचक म्हणतील, अत्याचार, आरक्षण, शिष्यवृत्ती, जमिनी हे आपले प्रश्न. हे नॅनोचे खूळ कशाला? आमचे उत्तर सरळ आहे. विज्ञान हा आपला विषय नाही, असे आपणच म्हणू लागलो तर मनुवाद्यांना वेगळी बंदी घालण्याची गरजच उरणार नाही. ज्या बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः उतरून कामगाराची अवस्था पाहिली, त्यांच्या अनुयायांनी यंत्र, खाण, कारखाना आणि प्रयोगशाळा यांच्याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

तेव्हा आधी हे जाकीट काय असते ते पाहू. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्युपॉन्ट कंपनीत स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी एक धागा शोधला. तोच पुढे केवलार म्हणून जगभर गेला. वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी मजबूत असा हा धागा. त्याचे थरावर थर घातले की पिस्तुलाची गोळी त्यात अडकून थांबते. पण रायफलीची गोळी नुसत्या कापडाला जुमानत नाही. तिच्यासाठी पुढे सिरॅमिकची कडक पाटी लागते. पाटी गोळीचे टोक फोडते आणि तिचा जोर मोडते. मागचे धाग्यांचे थर उरलेला धक्का पसरवून जिरवतात. धागे आणि त्यांना धरून ठेवणारी राळ मिळून जो पदार्थ होतो त्याला कंपोझिट म्हणतात. या कंपोझिटची कमजोरी राळेत असते. धक्का बसला की राळ तडकते, थर एकमेकांपासून सुटतात आणि दुसरी गोळी त्याच जागी आली तर माणूस वाचेलच असे नाही.

नॅनो पदार्थांचे काम इथे सुरू होते. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाचा एक केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, यावरून कल्पना यावी. १९९१ मध्ये जपानचे सुमियो इजिमा यांच्या शोधनिबंधाने कार्बनच्या नॅनोनळ्या जगापुढे आल्या. अशा नळ्या राळेत नीट कालवल्या तर पडू पाहणारी भेग त्या दोन्ही बाजूंनी धरून ठेवतात. आपल्या आयाबाया भिंत लिंपताना मातीत भुसकट कालवत आल्या, म्हणजे माती वाळताना तडकत नाही. तत्त्व तेच, फक्त भुसकट केसाच्या हजारो पट बारीक. दुसरा मार्ग अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने आणि तिथल्या लष्करी प्रयोगशाळेने या शतकाच्या सुरुवातीला दाखवला. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण एका द्रवात दाट कालवायचे आणि त्यात केवलारचे कापड भिजवायचे. मक्याचे पीठ पाण्यात दाट कालवून त्यात बोट हळूच घातले तर बुडते, बुक्की मारली तर हाताला दगड लागतो. तसेच हे कापड एरवी मऊ राहते आणि आघाताच्या क्षणी ताठ होते. त्यामुळे कमी थरांत जास्त थरांचे काम निघते.

या सगळ्याचा फायदा एका शब्दात सांगायचा तर वजन. जाकीट जेवढे जड, तेवढा जवान लवकर थकतो, हळू पळतो आणि शेवटी ते काढून ठेवतो. काढून ठेवलेल्या जाकिटाने आजवर कोणाचा जीव वाचलेला नाही.

हे सारे परदेशातच चालले आहे असे समजू नये. आपल्या मुंबईत, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘भाभा कवच’ नावाचे जाकीट विकसित झाले. बोरॉन कार्बाइडचे सिरॅमिक, कार्बन नॅनोनळ्या आणि पॉलिमरचे कंपोझिट यांचे ते बनलेले असून त्याचे उत्पादन हैदराबादच्या मिश्र धातु निगम या सरकारी कंपनीकडे दिले गेले. वजन सुमारे नऊ किलो. सप्टेंबर २०२४ मध्ये डीआरडीओ आणि दिल्लीच्या आयआयटीने मिळून ‘अभेद’ नावाचे हलके जाकीट जाहीर केले. त्यातही देशी बोरॉन कार्बाइड आहे. म्हणजे ज्ञान आहे, कारखाना आहे, शास्त्रज्ञ आहेत. या शास्त्रज्ञांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे. आमचा सवाल ज्ञानाला नाही, वाटपाला आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवा. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर हे अधिकारी गेले. करकरे यांचे जाकीट नंतर गहाळ झाल्याचे आणि पोलिसांच्या जाकिटांच्या दर्जाचे प्रकरण पुढे कित्येक महिने गाजत राहिले. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या एके-४७ ची नळी हातांनी धरली. हातात लाठी होती. गोळ्या त्यांनी स्वतःच्या शरीरावर झेलल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. २००९ मध्ये त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. ओंबळे यांच्या शौर्याला आमचा सलाम आहे. पण शौर्याचे गोडवे गाऊन सरकारची जबाबदारी संपत नाही. ज्या शहरात बोरॉन आणि कार्बनवर काम करणारी देशातली सर्वात मोठी अणुप्रयोगशाळा आहे, त्याच शहराचा पोलीस लाठी घेऊन रायफलीपुढे उभा राहतो, याला काय म्हणायचे?

सैन्याची कथा वेगळी नाही. १ लाख ८६ हजार १३८ बुलेटप्रूफ जाकिटांची गरज २००९ मध्ये मान्य झाली. प्रत्यक्ष करार झाला एप्रिल २०१८ मध्ये, ६३९ कोटी रुपयांचा. मध्ये नऊ वर्षे गेली. या नऊ वर्षांत सीमेवर कोण उभे होते? ज्यांची मुले परदेशात शिकतात ते नव्हे. शेतकऱ्याचा, शेतमजुराचा, आदिवासीचा, बौद्धाचा मुलगा उभा होता. आपल्या समाजाला तर सैन्याचा इतिहास सांगावाच लागत नाही. इंग्रजांच्या फौजेत पराक्रम गाजवलेल्या महारांना १८९० च्या दशकात ‘लढवय्या जात नाही’ म्हणून भरती बंद केली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये त्यासाठी विलायतेपर्यंत अर्ज केला. अखेर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांना बंदूक धरण्याचा हक्क मिळवायलाही झगडावे लागले, त्यांनी कवचाचा हक्कही मागितला पाहिजे.

गडचिरोलीकडे बघा. तिथल्या सी-६० पथकात बहुसंख्य तरुण त्याच जिल्ह्यातले, त्यांत आदिवासी मोठ्या संख्येने. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ जवान आणि त्यांचा चालक ठार झाला. ते खासगी वाहनातून जात होते. तिथे कोणतेही जाकीट कामाचे नव्हते. सुरुंगरोधक गाडी आणि नीट नियोजन हवे होते. कवच म्हणजे फक्त छातीवरची पाटी नव्हे, हे त्या सोळा मृत्यूंनी सांगितले. आणि जाकिटापुरते बोलायचे तर गडचिरोलीच्या उन्हात, जंगलात, दिवसदिवस चालणाऱ्या तरुणाच्या अंगावरून नॅनो पदार्थांनी एक किलो जरी कमी केला, तरी तो त्याच्या आयुष्यात मिळवलेला किलो आहे. पण नवे हलके जाकीट आधी कोणाला मिळते? पुढाऱ्याभोवती उभ्या राहणाऱ्या अंगरक्षकाला, की जंगलात चालणाऱ्या शिपायाला? पोलीस खात्याने जिल्हावार, हुद्देवार आकडे जाहीर करावेत. जनतेला आपोआप उत्तर मिळेल.

कोणी असेही समजू नये की ‘नॅनो’ हा शब्द लावला की जाकीट अभेद्य झाले. एका नॅनोनळीची ताकद अफाट असते, पण राळेत त्या सारख्या पसरल्या नाहीत तर पिठल्यात गुठळ्या राहाव्यात तशा गुठळ्या होतात आणि त्याच जागी पदार्थ कच्चा राहतो. प्रयोगशाळेतल्या वीतभर तुकड्यावर जे साधते ते कारखान्यातल्या हजारो जाकिटांत साधेलच असे नाही. अमेरिकेचा अनुभव डोळ्यांपुढे आहे. झायलॉन नावाचा नवा धागा केवलारपेक्षा भारी म्हणून तिथल्या पोलिसांच्या जाकिटांत वापरला. उष्णता आणि दमटपणा यांनी तो काही वर्षांतच कमजोर होतो, हे २००३ मध्ये जाकिटे भेदली गेली तेव्हा उघड झाले आणि २००५ मध्ये तिथल्या सरकारने झायलॉनच्या जाकिटांची मान्यता काढली. मुंबईचा पावसाळा आणि विदर्भाचा उन्हाळा सोसणाऱ्या जाकिटांची दरवर्षी पुन्हा तपासणी होते का? आपल्या देशाचे स्वतःचे मानक, आयएस १७०५१, २०१८ मध्ये आले. मानक छापून भागत नाही. ठेकेदाराच्या मालातली काही जाकिटे दरवर्षी उचलून त्यांच्यावर गोळ्या झाडून पाहिल्या पाहिजेत आणि निकाल विधिमंडळापुढे ठेवला पाहिजे.

आता जाकीट घालणाऱ्याकडून जाकीट बनवणाऱ्याकडे वळू, कारण त्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही. नॅनोनळ्या राळेत घट्ट बसल्या की घालणाऱ्याला त्यांचा विशेष धोका नसतो. धोका असतो तो त्यांची भुकटी ओतणाऱ्याला, मिसळणाऱ्याला, तयार पाटी कापणाऱ्या आणि घासणाऱ्या कामगाराला. २००८ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत लांब नॅनोनळ्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा अपाय करतात असे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एका प्रकारच्या नॅनोनळ्यांना संभाव्य कर्करोगकारक ठरवले. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेने २०१३ मध्ये शिफारस केली की कामाच्या जागेच्या एक घनमीटर हवेत त्या एक मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसाव्यात. हा तराजू किती बारीक आहे पाहा! असे मोजमाप परवडणारे कारखाने वेगळे आणि तोंडाला रुमाल बांधून रोजंदारीवर काम करणारा कंत्राटी कामगार वेगळा. ॲस्बेस्टॉसने फुप्फुसे गेलेल्या कामगारांना आपल्या देशात न्यायासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, तो निकाल १९९५ चा. नॅनोच्या कामगाराने तेवढी वाट पाहायची का? दुसऱ्याच्या छातीचे कवच बनवताना ज्याची स्वतःची छाती पोखरते, त्याचा विचार कवचाच्या किमतीत धरलाच पाहिजे.

आणि संशोधन कोण करतो? केंद्र सरकारने २००७ मध्ये नॅनो मिशन सुरू केले, पाच वर्षांसाठी १ हजार कोटी रुपयांचे. हा पैसा सर्व जनतेचा. पण २०१९ मध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांतल्या शिक्षकांच्या आरक्षणाचा जो कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात काही संस्थांना आरक्षणातून सूट दिली आहे. त्या यादीत होमी भाभा राष्ट्रीय संस्था आणि तिचे घटक म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे आणि नॅनो पदार्थांच्या संशोधनासाठी नावाजलेले बंगळूरचे जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रही आहे. म्हणजे ज्या आवारात ‘भाभा कवच’ जन्मले, तिथल्या अध्यापकांच्या पदांवर आरक्षण लागू नाही! १९७५ च्या आदेशाने संशोधनाच्या वरच्या पदांना अशीच सूट मिळू शकते. कारण काय, तर गुणवत्ता. आम्ही विचारतो, गुणवत्तेचे कवच एवढे नाजूक आहे का, की आमच्या मुलाच्या प्रवेशाने त्याला तडा जावा? उलट, गटारात उतरणाऱ्याच्या घरातला मुलगा प्रयोगशाळेत असता, तर या धाग्यांचा पहिला उपयोग त्याला कुठे सुचला असता?

तो उपयोग आम्ही सांगतो. सिलिकाच्या कणांत भिजवलेले जे कापड चाकू आणि गोळी अडवते, त्यावर सुईचे टोचणे अडवण्याचेही प्रयोग झाले आहेत. कचऱ्यात हात घालणाऱ्या सफाई कामगाराला रोज काय टोचते? फुटकी काच, गंजका पत्रा, दवाखान्यातली वापरलेली सुई. रबरी हातमोजा सुईला अडवू शकत नाही. ज्या कापडाचे जाकीट होते त्याच कापडाचा हातमोजा होऊ शकतो. मग त्याची निविदा का निघत नाही? कारण सैनिकाचा मृत्यू देशाला निदान दिसतो. सफाई कामगाराच्या हातात शिरलेली सुई कोणाच्याच हिशेबात येत नाही.

गटारातल्या मृत्यूंचे आकडे सरकारचेच आहेत. २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि मैलाटाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली, असे केंद्र सरकारने संसदेत सांगितले. २०२४ मध्ये ३८ हजार गटार आणि मैलाटाकी कामगारांची जी माहिती पुढे आली, तिच्यात ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे होते. आदिवासी आणि ओबीसी धरले तर हा आकडा ९२ टक्क्यांच्या जवळ जातो. १९९३ चा कायदा झाला, २०१३ चा झाला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृताच्या वारसांना १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरवून दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये याच न्यायालयाने सरकारला विचारले होते की या माणसांना मास्क आणि ऑक्सिजनची नळकांडी का दिली जात नाहीत. मृत्यूची किंमत वाढत गेली, मृत्यू थांबले नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. गटारातल्या माणसाला नॅनोचा मास्क द्या, अशी आमची मागणी नाही. गाळणीचा कोणताही मास्क हवेत प्राणवायूच नसेल तर निरुपयोगी असतो. हायड्रोजन सल्फाइडने भरलेल्या टाकीत माणूस काही क्षणांत कोसळतो. शिवाय चांगले कवच देऊन माणसाला मैल्यातच उतरवायचे, हा जातीचा नवा करार आम्हाला मान्य नाही. तिथे यंत्रच हवे. केरळातल्या तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव बनवून २०१८ पासून वापरात आणला आहे. रस्त्यावर झाडणाऱ्याला आणि कचरा उचलणाऱ्याला टोचण न लागणारा हातमोजा, आणि गटारात माणसाऐवजी यंत्र, ही आमची मागणी आहे.

देशाच्या सुरक्षेत जात कशाला आणता, असे आम्हाला विचारले जाईल. जात आम्ही आणलेली नाही. पहिल्या गोळीपुढे कोण उभा राहतो, विषारी वायूत कोण उतरतो, भुकटी कोणाच्या फुप्फुसात जाते आणि प्रयोगशाळेच्या वरच्या खुर्चीवर कोण बसतो, या चार रांगा शेजारी शेजारी लावून पाहा. जात तिथे आधीपासूनच हजर आहे. आम्ही फक्त तिच्याकडे बोट दाखवतो.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. नव्या हलक्या जाकिटांचे वाटप शिपायापासून आणि गडचिरोलीसारख्या जिल्ह्यापासून सुरू करा. वापरातल्या जाकिटांची दरवर्षी तपासणी करून निकाल जाहीर करा. नॅनो पदार्थांवर काम करणाऱ्या कंत्राटी कामगारासाठी हवेच्या मोजमापाचा आणि वैद्यकीय तपासणीचा कायदा करा. सरकारी संरक्षण प्रयोगशाळांना सफाई कामगारांच्या साधनांचा प्रकल्प द्या आणि त्याला जाकिटाइतकेच महत्त्व द्या. २०१९ च्या कायद्यातली सूट रद्द करा.

आणि आपल्या माणसांना एक सांगणे. घरातला मुलगा रसायनशास्त्र किंवा पदार्थविज्ञान घेऊन एम.एस्सी. करत असेल तर त्याला अर्ध्यावर नोकरीला जुंपू नका. फेलोशिपसाठी त्याला आझाद मैदानात बसावे लागले तर त्याच्याशेजारी जाऊन बसा. कर्णासारखे कवच दान करण्याचे दिवस गेले. आता कवच बनवणारे हातही आपले हवेत आणि ते कोणाच्या अंगावर चढवायचे हे ठरवणारी खुर्चीही आपली हवी.

जयभीम!